जहाजांच्या वाटेतला माणूस

मोठ्या मालवाहू जहाजाच्या टोकापुढचं पाचशे मीटर पाणी ते चालवणाऱ्याला दिसलं नाही, तरी कुठला नियम मोडत नाही. ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार समुद्रावरच्या माणसांच्या जिवाची काळजी घेण्यासाठीच झालेला आहे आणि त्यातच हे मोजून दिलंय. चालक जिथे उभा असतो तिथून समोर बघताना जहाजाच्या दुप्पट लांबीइतकं किंवा पाचशे मीटर, यांतलं जे कमी असेल तेवढं पाणी आडोशाला गेलं तर चालतं. त्याहून जास्त चालत नाही. चारशे मीटर लांबीच्या जहाजावर कंटेनरचे थरावर थर चढले, की त्यांच्यावरून जाणारी नजर पाण्याला टेकते ती लांबवरच. टोकाजवळचं पाणी झाकलेलंच राहतं.

असं जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने येत असेल, तर ते पाचशे मीटर त्याला पुरतात ५४ सेकंद. चांगला पोहणारा माणूस तेवढ्या वेळात पंचेचाळीस मीटर जातो. जहाजाची नुसती रुंदीच साठ मीटर असते.

हे आकडे समोर ठेवले की इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रकार कुणी कुणाला करू तरी कसा देतं, असं वाटतं. इंग्लंडचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्यामधल्या या अरुंद सामुद्रधुनीतून दररोज चारशेहून जास्त व्यापारी जहाजं जातात. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी हा एक. तरीही दर उन्हाळ्यात माणसं डोव्हरजवळच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात आणि फ्रान्सच्या वाळूवर नाहीतर खडकावर चढतात. मिहीर सेन २७ सप्टेंबर १९५८ रोजी असेच पोहून गेले आणि पुढच्या वर्षी आरती साहा उलट दिशेने, फ्रान्सहून इंग्लंडला पोहून गेल्या. पुण्याचे रोहन मोरे २०१४ मध्ये गेले. ‘पोहून गेले’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर थंडी, लाटा आणि दमलेले हात येतात. मला मात्र सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्या पाण्यात तो माणूस कुणालाही दिसत नाही, त्याला स्वतःलाही फारसं काही दिसत नाही, आणि असं असूनही त्याला सुखरूप पलीकडे नेणारी एक व्यवस्था माणसांनी पाण्यावर उभी केली आहे.

दिसण्याचंच आधी बघू. पोहणाऱ्याचं डोकं पाण्याच्या वर येतं ते वीतभर. पृथ्वीच्या गोलाईमुळे तेवढ्या उंचीवरून, समुद्र अगदी आरशासारखा सपाट असला तरी, क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर असतं. पाणी सपाट कधीच नसतं. अर्ध्या मीटरच्या लाटेच्या घळीत माणूस असला की त्याचं जग त्या लाटेपाशीच संपतं. उंच जहाजाचा माथा मात्र क्षितिजाच्या पलीकडूनही डोकावतो. पाण्यापासून चाळीस मीटर उंचीवरचं धुराडं हिशेबाने वीसेक किलोमीटरवरूनही दिसू शकेल. म्हणजे पोहणाऱ्याला जहाज दिसतं. पण ते किती लांब आहे, आपल्याकडे येतंय की बाजूने जातंय, हे त्याला कळत नाही. त्यासाठी ते जहाज काही मिनिटं सलग न्याहाळावं लागतं, आणि श्वासापुरती मान वळवणाऱ्या माणसाला एका वेळी मिळतो अर्धा सेकंद.

जहाजाच्या बाजूने बघितलं तर परिस्थिती आणखी बिकट आहे. रडारच्या लहरी धातूवरून जोरात परततात, ओल्या डोक्यावरून फारच क्षीण. शिवाय प्रत्येक लाट रडारला आपला एक ठिपका परत पाठवते. त्या ठिपक्यांच्या गर्दीत माणसाचा ठिपका वेगळा ओळखणं जवळपास अशक्य. जहाजं एकमेकांना आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओने सतत कळवत असतात. ‘एआयएस’ नावाची ही यंत्रणा पोहणाऱ्याच्या अंगावर नसते. त्याच्याकडे असतो एक पोहण्याचा पोशाख, एक टोपी, एक गॉगल आणि अंगाला फासलेलं ग्रीस.

राहिला आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने, आणि खूप लांब पोचतो. पोहताना कान पाण्याखाली असतात, त्यामुळे जहाजाच्या पंख्याची घरघर जहाज बरंच दूर असताना ऐकू येते. पण ती कुठून येतेय? इथे आपलं शरीरच आपल्याला फसवतं. हवेत एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात आवाज इतक्या वेगाने येतो की तो फरक चौथ्या हिश्श्यावर घसरतो. त्यातून कवटीच्या हाडांतूनही आवाज थेट आत शिरतो. परिणामी घरघर चारी बाजूंनी येतेय असं वाटतं. ही खाडी सर्वांत आधी पोहणारी स्त्री, अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली, हिला लहानपणापासून कमी ऐकू येत असे. ६ ऑगस्ट १९२६ रोजी तिने साडेचौदा तासांत खाडी पार केली, तोपर्यंतच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी वेळात. आपल्या मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नसे आणि त्यांची दृष्टीही अधू होती; त्यांनीही ही खाडी पार केली. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो. त्याचबरोबर हेही जाणवतं, की त्या पाण्यात पाऊल टाकल्यावर जहाजांच्या बाबतीत प्रत्येकच माणूस बऱ्याच अंशी आंधळा आणि बहिरा होतो.

समुद्रावर कुणी कुणाला वाट द्यायची हे सांगणारे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ साली लागू झाले. त्यांत शिडाच्या बोटी आहेत, वल्ह्यांच्या आहेत, जाळी ओढणाऱ्या आहेत, पाण्यावर उतरणारी विमानंसुद्धा आहेत. पाणबुड्यांना खाली सोडणाऱ्या बोटीने कोणती खूण लावायची हेही आहे. पोहणारा माणूस त्यांत नाही. कुणी त्याला वाट द्यावी असं नाही आणि त्याने कुणाला द्यावी असंही नाही. नियमांच्या दृष्टीने पाण्यावर जे काही चालतं ते जलयान, आणि माणूस काही जलयान नव्हे.

इतिहासात एकदा मात्र तो जलयान ठरला होता. रिचर्ड हॅलिबर्टन या अमेरिकी भटक्या लेखकाने १९२८ मध्ये पनामा कालवा टप्प्याटप्प्याने पोहून पार केला. कालव्यातून जाणाऱ्या जहाजाला त्याच्या आकारमानानुसार कर भरावा लागतो. हॅलिबर्टनलाही तोच न्याय लावला गेला आणि त्याच्या वजनाच्या हिशेबाने कर आकारला गेला, ३६ सेंट. त्याच कालव्यात ऑक्टोबर १९६६ मध्ये आपले मिहीर सेन उतरले. त्याच वर्षी त्यांनी पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दानेल्स आणि बॉस्फरसही पोहून पार केले होते. एका वर्षात पाच जलमार्ग, आणि पाल्क सोडली तर सगळे जहाजांच्या वर्दळीचे.

पण पनामाचा अपवाद सोडला, तर पोहणाऱ्याला समुद्रावर स्वतःचं असं अस्तित्वच नाही. ते त्याला उसनं घ्यावं लागतं, आणि ते देते त्याच्या शेजारून चालणारी एक लहानशी बोट. डोव्हरहून निघणाऱ्या प्रत्येक जलतरणपटूबरोबर अशी बोट असतेच. ती चालवणारे पायलट बहुधा मासेमारीत मुरलेले, त्या पाण्याचा कण न् कण ओळखणारे. ‘चॅनेल स्विमिंग असोसिएशन’ किंवा ‘चॅनेल स्विमिंग अँड पायलटिंग फेडरेशन’ या दोहोंपैकी एका संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय, आधी गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवल्याशिवाय, आणि बोटीवर संस्थेचा निरीक्षक असल्याशिवाय हा प्रवास सुरूच होत नाही. बोटीला धातू आहे, दिवे आहेत, रेडिओ आहे, एआयएस आहे. रडारवर ठिपका उमटतो तो बोटीचा. जहाजाचा अधिकारी दुर्बिणीतून बघतो ती बोट. पोहणारा तिच्यापासून काही मीटरवर आहे, एवढाच त्याचा बचाव. तरीही बोटीला हात लावायचा नाही. लावला की त्या क्षणी प्रयत्न संपला. खाणं-पिणं दोरीला बांधलेल्या बाटलीतून येतं. ते उभ्याने पाणी तुडवत घ्यायचं आणि बाटली सोडून द्यायची. बोलणं हातवाऱ्यांनी, किंवा फळ्यावर ठळक अक्षरं लिहून. रात्री पोहणाऱ्याच्या टोपीला किंवा पाठीला बारीकसा दिवा असतो, तो बोटीवरच्यांसाठी. जहाजांच्या पंख्याइतकीच भीती त्याच्या स्वतःच्या बोटीच्या पंख्याचीही असते. वाऱ्याने बोट त्याच्यावर ढकलली जाऊ नये, तिचा धूर त्याच्या नाकात जाऊ नये आणि लाटांपासून मात्र आडोसा मिळावा, हे सगळं जुळवत ती ताशी तीन किलोमीटरने, तेरा-चौदा तास, एकाच माणसाच्या हातांच्या तालावर चालवायची. मोठ्या इंजिनाची बोट इतकी हळू सरळ रेषेत ठेवणं हे फार कठीण काम आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं ते अगदी कमी.

आता जहाजांकडे वळू, कारण तीही मोकाट चालत नाहीत. डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ मध्ये जगात पहिल्यांदा समुद्रावर जाण्या-येण्याचे वेगळे पट्टे आखले गेले. उत्तर समुद्राकडे जाणाऱ्यांनी फ्रान्सच्या बाजूने जायचं, अटलांटिककडे जाणाऱ्यांनी इंग्लंडच्या बाजूने. मध्ये एक मोकळी पट्टी, आणि दोन्ही किनाऱ्यांलगत स्थानिक बोटींसाठी राखलेलं पाणी. सुरुवातीला हे पट्टे ऐच्छिक होते.

मग १९७१ चा जानेवारी आला. ११ तारखेच्या पहाटे ‘पाराकास’ नावाचं मालवाहू जहाज चुकीच्या पट्ट्यातून, समोरून येणाऱ्यांच्या वाटेने चाललं होतं. ते ‘टेक्साको कॅरिबियन’ या तेलवाहू जहाजावर आदळलं आणि त्या जहाजाचा स्फोट होऊन ते बुडालं. दुसऱ्या दिवशी ‘ब्रँडेनबर्ग’ हे जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आपटून बुडालं. त्या जागेभोवती दिव्याची बोट उभी केली गेली, बोये टाकले गेले. तरीही २७ फेब्रुवारीला ‘निकी’ हे जहाज त्याच सांगाड्यांवर गेलं आणि त्यावरचा एकही माणूस वाचला नाही. सात आठवड्यांत, एकाच जागी, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी सामुद्रधुनीवर सतत रडारची नजर ठेवणारं केंद्र सुरू झालं. आज डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून ब्रिटिश तटरक्षक आणि पलीकडे ग्री-ने भूशिरावरून फ्रेंच तटरक्षक मिळून हे पाणी रात्रंदिवस पाहतात. १९७७ पासून पट्ट्यांचे नियम पाळणं सक्तीचं झालं. पोहणाऱ्यांसाठी यातलं काहीही केलेलं नव्हतं. पण त्या माणसांच्या मरणातून जी शिस्त आली, तिच्यामुळेच आज पोहणाऱ्याच्या पायलटला ठाऊक असतं, की पहिल्या अर्ध्यात जहाजं एका बाजूने येणार आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या बाजूने.

पोहायला सुरुवात झाली की पायलट तटरक्षकांना कळवतो. तटरक्षक ठरावीक वेळांनी रेडिओवरून जहाजांना सूचना देत असतात. त्यांत आज कोण पोहत खाडी ओलांडतंय हेही असतं. शांत हवेच्या, मंद भरतीच्या दिवशी एकाच वेळी बरेच पोहणारे पाण्यात असतात. त्यांच्या तिरप्या रांगेच्या आजूबाजूने डोव्हर-कॅलेच्या प्रवासी फेऱ्या जात असतात, त्याही पट्टे आडवेच ओलांडणाऱ्या.

एखादं जहाज नेमकं आपल्या पोहणाऱ्याच्या रोखाने येतंय असं पायलटला पडद्यावर दिसलं, तर तो त्याचं नाव वाचून त्याला रेडिओवर हाक मारतो. यातलं गणित मला फार सुंदर वाटतं. भरलेलं मोठं तेलवाहू जहाज थांबवायला कित्येक किलोमीटर लागतात. ‘ब्रेक लावा’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. पण तेच जहाज सहा सागरी मैल, म्हणजे अकरा किलोमीटर लांब असताना त्याने आपली दिशा फक्त पाच अंशांनी बदलली, तर पोहणाऱ्यापाशी येईपर्यंत ते जवळजवळ एक किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. अकरा किलोमीटर यायला त्याला वीस मिनिटं लागतात. म्हणजे वीस मिनिटं आधी, एका शांत वाक्यात विनंती, सुकाणूला हलकंसं वळण, आणि लाखभर टनांचं लोखंड एका माणसाला वळसा घालून जातं. पोहणाऱ्याला त्यातलं काही कळलेलंही नसतं. त्याला कळतं ते जहाज निघून गेल्यावर बऱ्याच मिनिटांनी: पाणी एकदम लांबलचक, गोलसर लाटांनी वर-खाली होऊ लागतं आणि हातांचा ताल चुकतो.

दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत जहाजं येत नाहीत. खाडी पोहलेले लोक सांगतात, की तिथे तरंगतं शेवाळ, कचरा आणि जेलीफिश बरेच भेटतात. अर्धी वाट संपल्याची ती खूण.

आणि आता पाण्याच्या स्वतःच्या चालीबद्दल, कारण तिच्याशिवाय हे सगळं अर्धवट राहतं. डोव्हर ते ग्री-ने हे सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये ते पहिल्यांदा पार केलं. २४ ऑगस्टला दुपारी डोव्हरच्या धक्क्यावरून उडी मारली आणि २१ तास ४५ मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅलेला पोचले. सगळं अंतर ब्रेस्ट स्ट्रोकने. नकाशावर त्यांचा मार्ग काढला तेव्हा तो साठ किलोमीटरांहून जास्त भरला. किनारा दिसत असताना ग्री-नेजवळच्या प्रवाहाने त्यांना कित्येक तास जवळ येऊ दिलं नव्हतं.

या सामुद्रधुनीत भरतीचं पाणी किनाऱ्याकडे कमी आणि किनाऱ्याला समांतर जास्त वाहतं. साधारण सहा तास उत्तर समुद्राकडे, मग सहा तास उलट अटलांटिककडे. उधाणाच्या दिवसांत त्याचा वेग चार नॉटच्या घरात, म्हणजे ताशी सात किलोमीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर पोहणारे याहून हळू जातात. म्हणून अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, पोहायला जाण्याची जुनी पद्धत आहे. पण वेग कमी झाला तरी प्रवाह किनाऱ्याला समांतरच राहतो, आणि पोहणाऱ्याला या प्रवाहाशी भांडून उपयोग नसतो. तो आपलं तोंड फ्रान्सकडे ठेवून सरळ आडवा पोहत राहतो आणि पाणी त्याला नेईल तिकडे नेतं. पुरात उतरलेली म्हैस समोरच्या तीराकडेच तोंड करून पोहते आणि लागते मात्र बरीच खाली, तसं. फरक एवढाच, की इथे सहा तासांनी नदी उलटी वाहू लागते आणि खाली गेलेला माणूस पुन्हा वर येतो. त्यामुळे पोहणाऱ्याचा मार्ग नकाशावर एका मोठ्या वळणदार आकड्यासारखा उमटतो.

गंमत अशी, की पट्टे ओलांडणाऱ्या जहाजांसाठीही नियम हाच आहे. पट्ट्याच्या दिशेला शक्य तितक्या काटकोनात तोंड ठेवून ओलांडा, असं १९७२ च्या त्या नियमांतला दहावा नियम सांगतो. मार्ग काटकोनात यावा असं तो म्हणत नाही. तोंड काटकोनात हवं. प्रवाहाला तोंड देत तिरकं गेलं, तर पट्ट्यात जास्त वेळ राहावं लागतं आणि समोरून येणाऱ्यांना आपण ओलांडतोय की त्यांच्याच वाटेने चाललोय हे कळत नाही. काटकोनात तोंड ठेवलं, की तुमची पूर्ण बाजू त्यांना दिसते, रात्री दिवेही स्पष्ट दिसतात, आणि कमीत कमी वेळात तुम्ही बाहेर पडता. दिसणं आणि लवकर बाहेर पडणं, दोन्ही एकाच गोष्टीत. पोहणाऱ्यांनी वेबच्या काळापासून अंगाने शिकलेली गोष्ट आणि जहाजांसाठी शंभर वर्षांनी लिहिलेला नियम एकाच ठिकाणी येऊन मिळाले, याचं मला खरोखर नवल वाटतं.

पलीकडे नेमकं ग्री-ने भूशिरावर लागायचं असेल, तर पाणी कधी पालटेल आणि तेव्हा पोहणारा कुठे असेल याचा अंदाज पायलटला सुरुवातीलाच बांधावा लागतो. वेग जरासा मंदावला तर भूशीर हातचं जातं. किनारा तिथून आत वळतो आणि आणखी काही किलोमीटर, म्हणजे आणखी काही तास, पोहणं वाढतं. तेसुद्धा पंधरा ते अठरा अंशांच्या पाण्यात. उलट दिशेचा प्रवास, फ्रान्सहून इंग्लंडकडे, एडर्लीने केला होता. आज फ्रेंच अधिकारी त्यांच्या किनाऱ्यावरून निघायची परवानगी देत नाहीत.

जगात सगळीकडे अशीच तडजोड झालेली नाही. इस्तंबूलमध्ये १९८९ पासून बॉस्फरस सामुद्रधुनीत आशियाकडून युरोपच्या किनाऱ्यापर्यंत साडेसहा किलोमीटरची शर्यत होते. त्या दिवशी काही तास जहाजांची ये-जा सरळ थांबवली जाते. काळ्या समुद्राकडे जाणारी-येणारी मोठी जहाजं दोन्ही टोकांना थांबून राहतात आणि हजारो माणसं पाण्यात उतरतात. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या आत यंत्राच्या बोटींना पाच नॉटहून जास्त वेगाने जाता येत नाही, आणि पोहण्याची जागा पिवळ्या बोयांनी आखलेली असते. पोहणारे अलीकडे कमरेला बांधून मागे ओढतात तो भगव्या रंगाचा फुगा दिसण्याच्याच प्रश्नाचं छोटं उत्तर आहे. लांबून डोकं दिसत नाही, फुगा दिसतो. आपल्या मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी समुद्री जलतरणाच्या स्पर्धा होतात, राज्यभरातून मुलंमुली येतात. त्या दिवशी ते पाणी त्यांचं असतं. वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही आपल्या पर्यटनाच्या किनाऱ्यांवर वॉटर स्कूटर, पॅरासेलिंगच्या बोटी आणि पोहणारी मुलं यांच्यामध्ये अशी पिवळी रेषा असायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. तो खर्च थोडा आहे.

महाराष्ट्रातली या जातीची एक मोठी वाट म्हणजे धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया. सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे इंग्लिश खाडीहून कमी नाही. पाणी कोमट, ही मोठी सवलत. पण भरतीचं कोडं तेच. धरमतरच्या जेट्टीवरून बहुधा अंधारातच निघायचं. अंबा नदीच्या खाडीतून रेवस-करंजाच्या तोंडापर्यंत ओहोटी घेऊन जाते. तिथून पुढे मुंबईचं बंदर उघडतं, आणि आता हवी असते भरती, जी समुद्रातून आत शिरते आणि पोहणाऱ्याला उत्तरेकडे रेटते. मधोमध मोठ्या जहाजांचा खोल मार्ग आहे, मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याच्या कंटेनर धक्क्यांकडे जाणारा. तो आडवाच ओलांडावा लागतो. इथली जहाजं बंदरात शिरताना डोव्हरइतक्या वेगाने जात नाहीत, पण त्यांना वळायला जागा नसते. मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाणी उथळ आहे. पाच अंश बाजूला व्हा, असं इथे सांगता येत नाही. त्यामुळे थांबायचं आणि वाट द्यायची ती पोहणाऱ्याने. बरोबरच्या होडीवरचा तांडेल पाणी आणि जहाज दोन्ही बघून पोहणाऱ्याला रोखून धरतो, मग सोडतो.

शेवटच्या टप्प्यात जहाजांची जागा लाँचेस घेतात. मांडव्याच्या आणि घारापुरीच्या फेऱ्या, नांगरलेल्या यॉट, कोळ्यांच्या होड्या, नौदलाच्या बोटी, सगळं एकाच पाण्यात. लाँच लहान असल्याने तिच्यावरून पाणी जवळपर्यंत दिसतं. ती चटकन वळतेही. पण त्या इतक्या असतात, की तांडेलाला एकाच वेळी चार दिशांना हात हलवावे लागतात. आणि घड्याळ चालूच असतं. भरती संपण्याआधी गेटवेच्या पायऱ्या गाठल्या नाहीत, तर पाणी पालटतं आणि पोहणाऱ्याला पुन्हा बंदराच्या तोंडाकडे, खोल मार्गाच्या दिशेने ओढू लागतं. म्हणून धरमतरहून निघायची वेळ ठरते ती गेटवेच्या भरतीवरून मागे मोजत, आणि त्या हिशेबात मध्ये जहाजासाठी थांबावं लागलं तर लागणारी मिनिटंही धरलेली असतात.